सात वर्षं न नांगरलेलं शेत

तू गाडीतून उतरलास तेव्हा मी गुडघाभर चिखलात उभी होते. टिलर शेवटचा फेरा मारून बांधाला लागला होता आणि त्याच्या मागं शेतभर बगळे उतरले होते. इतके बगळे मी त्या शेतात कधी बघितले नव्हते. माझ्या हातात आवणाची, म्हणजे भाताच्या रोपांची, जुडी होती. तुझ्या मनगटावर हॉस्पिटलचा प्लास्टिकचा पट्टा अजून तसाच होता. सुमननं तुझा दंड धरला होता. तू तिचा हात सोडवलास, बांधापर्यंत चालत आलास आणि थांबलास.

"बाय," तू म्हणालास, "यो कोनी सांगितला?"

"कोनी नाय. मीच."

टिलरवाला बडबड्या माणूस, त्याला काय ठाऊक. त्यानं मशीन बंद केलं आणि तुझ्याकडे येत म्हणाला, "काका, शेत हाय का लोनी! दुसरीकडं पाती घासत चालतात, इथं आपोआप बुडत होती. अशी माती या गावात कुनाची नाय." तो मनापासून कौतुक करत होता. तू त्याला "बरं" म्हणालास. मग बगळ्यांकडे बघत राहिलास. मग मीही बघितलं. प्रत्येकाच्या चोचीत गांडूळ होतं. कुठं अर्धं, कुठं तुकडा.

सकाळपासून ते बगळे माझ्या डोळ्यासमोर होते. मला वाटलं होतं, बरं झालं, शेतावर पाखरं आली.

तू खाली बसलास. सुमन ओरडली, "अहो, टाके हायत, वाकू नका." तू ऐकलं नाहीस. चिखलात हात घातलास, मूठभर वर काढलास. तो बोटांतून गळून गेला. तू हात पँटला पुसलास आणि मला म्हणालास, "लाव आता. आवण सुकंल."

एवढंच. मी थांबले होते तू शिव्या देशील म्हणून.

हिऱ्या, तुला जाऊन महिना झाला. लोक तुझ्या बायकोला आणि बहिणीला भेटायला येतात, तुझ्याबद्दल चांगलं बोलतात, चहा पिऊन जातात. मी त्यांच्यासमोर मान हलवते. पण तुझ्याशी माझं बोलणं राहिलं आहे आणि ते त्यांच्यासमोर करण्यासारखं नाही. सुमनशी बोलायला गेले की ती म्हणते, "बाय, तुमी मनाला लावून घेऊ नका." ती चांगली आहे म्हणून तसं म्हणते. मी मनाला लावून घ्यायलाच बसले आहे. चौथीपर्यंतचं माझं अक्षर, पण लिहिता येतं.

तीन आठवडे तू वाशीच्या हॉस्पिटलात होतास. जायच्या आदल्या दिवशी तू माझ्या वरच्या खोलीत आलास. बारा पायऱ्या चढून धापा टाकत होतास, माझ्या कॉटवर बसून पाणी प्यायलास. म्हणालास, "बाय, एक काम हाय तुझ्याकडं. शेतावर काय करू नको."

"यो काय काम जालं?"

"तुझ्यासाठी तोच मोठा काम हाय. पाऊस लागू दे, गवत वाढू दे, लोक काय बोलतील ते बोलू दे. बी टोचायचं ते सुमन बगंल, तिला साचा ठावं हाय. तू पाय ठेवू नको."

मी म्हटलं, "तुझ्या त्या पडीक शेतात मी कनाला जाऊ?"

तू हसलास. पडीक. सात वर्षं मी त्या शेताला हाच शब्द वापरला आणि सात वर्षं तू हसलास. मी कबूल झाले होते. आपण दोघंच होतो, पण मी कबूल झाले होते.

तुझं दुखणं लांबलं. हृदयाची एक नळी तुंबलीय म्हणून सांगितलं होतं, दोन निघाल्या. सुमन तुझ्या उशाशी बसून राहिली, बी टोचायला गेलंच नाही कुणी. पाऊस लागला आणि दहा दिवस हटला नाही. मला चैन पडेना म्हणून बस धरली, महापेवरून डोंगर ओलांडला आणि शिळफाट्याच्या पलीकडे आईच्या माहेरी, शेताकडे गेले. नुसतं बघून यायचं म्हणून गेले होते, खरंच.

आजूबाजूची सगळी शेतं चिखलणी होऊन तयार होती. बायका लावणीला वाकलेल्या. मधे आपलं एक शेत, गेल्या वर्षीची मुळं आणि करडे बुडखे तसेच, त्यातून हातभर गवत वर आलेलं. धर्माची बायको, तुझ्या शेजारच्या बांधाची, मला बघून लावणी सोडून आली. पदरानं तोंड पुसलं आणि हळू आवाजात विचारलं, "बाय, हिराभाऊ कवा गेलं? आमाला कोनी कळवलं पन नाय."

आपल्याकडे असंच आहे. ज्या घरचा माणूस पावसाच्या तोंडाशी जातो, त्याच्या शेताला त्या साली नांगर लागत नाही. आईच्या माहेरी सगळ्यांना ठाऊक. नांगर न लागलेलं शेत दिसलं की माणसं आधी मयत विचारतात. सात वर्षं तू तिथं रोज स्कूटरवरून जायचास, दिसायचास, म्हणून कुणी विचारलं नाही. यंदा तू दिसला नाहीस.

मी तिला म्हटलं, "जित्ता हाय तो. तोंड सांभाळ."

"नाय हो, शेत असं दिसलं म्हनून..."

मला राग आला. भीतीही वाटली, ते लपवत नाही. तू तिकडे छातीला नळ्या लावून पडलेला आणि इथं तुझं शेत मेल्या माणसाच्या शेतासारखं उभं. मला वाटलं, याला आज नांगर लागला पाहिजे, जित्या माणसाचं शेत जित्यासारखं दिसलं पाहिजे. मी देवदेव करणारी बाई नाही, तुला ठाऊक आहे. तरी त्या घटकेला मला तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी टिलर आणला. धर्माच्या वाफ्यातलं आवण उरलं होतं, ते मागून घेतलं. तुला त्याच दिवशी सोडतील आणि तू घरी न येता गाडी तिकडे वळवायला लावशील, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

हे मी सगळ्यांना सांगितलं. सुमनला सांगितलं, धर्माला सांगितलं, तुझ्या दहाव्याला आलेल्या पाहुण्यांना सांगितलं. ऐकून लोक म्हणतात, बहिणीची माया. ते खरं असलं तरी अर्धं आहे.

उरलेलं अर्धं सांगायला मागं जावं लागेल.

तुझी तुर्भ्याची कंपनी बंद झाली तेव्हा तू सत्तावन्नाचा होतास. सगळे म्हणाले, आता गावठाणातल्या खोल्या भाड्यानं दे आणि आराम कर. तू कर्जतकडच्या कुठल्या शेतकऱ्याकडे दोन दिवस राहून आलास आणि येताना खुळ घेऊन आलास. म्हणालास, "बाय, भाताला नांगर लागत नाय. चिखल पन लागत नाय. लावनी पन लागत नाय."

मी म्हटलं, "मग भात तरी लागतं काय, का ते पन सोडलं?"

तू ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडाचा साचा करून आणलास. चौकट आणि तिला खाली खुंट्या. एकदाच काय ते नांगरून शेतात लांब लांब गादीवाफे घातलेस आणि त्यावर तो साचा दाबत गेलास. प्रत्येक भोकात तीन-चार दाणे. धर्मा बांधावर उभा राहून म्हणाला, "हिराभाऊ, टॉस कवा हाय? पिच तर एक नंबर जालंय." सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले.

राबही तू बंद केलास. पाला, शेण, काटक्या पसरून जमीन भाजायची आणि मग तिथं रोपं टाकायची, आईनं आणि आजीनं जन्मभर केलं. तू म्हणालास, "जी माती आपल्याला पोसते तिला भाजतात कनाला?" मी म्हटलं, आई वेडी होती काय? तू म्हणालास, "आई वेडी नव्हती. आईकडं डोंगरभर पाला होता आनि खाडीभर गाळ. आपल्याकडं काय हाय?" मी विषय बदलला.

पहिल्या वर्षी गवतानं खाल्लं. दुसऱ्या वर्षी बरं आलं. कापणी झाली की तू मुळं तिथंच ठेवायचास, पेंढा वाफ्यावर पसरायचास आणि त्याच ओलीवर वाल टोचायचास. धर्माच्या शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या तेव्हा आपल्याकडे वाल फुलायचे. त्या वालाचं बिरडं मी सात हिवाळे खाल्लं. मागून खाल्लं. आणि सुमनच्या देखत म्हटलं, "वालाचं काय, वाल कुटंबी येतात."

तू आशा सोडायचा नाहीस. एकदा मला शेतावर नेलंस आणि कापलेल्या बुडख्याशेजारी माती उकरून दाखवलीस. कुजलेल्या मुळांच्या जागी बारीक भोकं होती, पेन्सिलनं टोचल्यासारखी. म्हणालास, "बग, पानी या वाटेनं खाली जातं. गांडुळांनी आनि मुळांनी वाट केलीय. मी काय केलं नाय, फक्त मोडली नाय." वास घे म्हणालास. मी घेतला. आपल्या लहानपणी खाडीकाठच्या शेतांना भाताआधी असा वास यायचा. मी म्हटलं, "मातीला मातीचा वास येनार, बिर्यानीचा काय येईल?"

मग ते पेले, चार वर्षांपूर्वीचे. हे तुझ्या लक्षात असेल, तू स्वयंपाकघरात मांडले होतेस. काचेचे दोन पेले, पाण्यानं भरलेले. एकात धर्माच्या शेतातलं सुकं ढेकूळ सोडलंस, दुसऱ्यात आपल्या शेतातलं. धर्माचं ढेकूळ बिस्किटासारखं विरघळलं, बघता बघता पाणी चहासारखं झालं. आपलं ढेकूळ तसंच बसून राहिलं, वर पाणी स्वच्छ. सुमन टाळ्या वाजवायच्या बेतात होती. तू माझ्याकडे बघत होतास.

मी म्हटलं, "तुझं ढेकूळ घट्ट दाबून आनलं असशील."

पहिल्यांदा तुझा चेहरा उतरला. मग पेले तूच धुतलेस.

आता जे तुला ठाऊक नाही ते सांगते. दुसऱ्या दिवशी दुपारी तू बाहेर गेलास तेव्हा तुझ्या पिशवीत उरलेली दोन्ही ढेकळं मी वर नेली. माझ्या खोलीत दोन पेले घेतले आणि दार लावून स्वतः करून बघितलं. तेच झालं. पुन्हा केलं. शेवटी चुरा उरला तोवर करत बसले. तुझं ढेकूळ दरवेळी तसंच राहिलं. मी खिडकीतून पाणी फेकलं, पेले पुसून ठेवले आणि संध्याकाळी तू आलास तेव्हा तुझ्याशी भांडले.

म्हणजे मला कळत होतं. चार वर्षं कळत होतं. टिलरच्या दिवशी तुला वाटलं असेल, बायला समजत नाही, जुनी बाई, तिनं भीतीनं केलं. तसं समजून तू गप्प बसलास आणि मी तुला तसं समजू दिलं. मी समजून नांगरलं, हिऱ्या.

का, ते विचारशील. तू जिवंत असताना विचारलं नाहीस, म्हणून मी सांगितलं नाही. माझ्या आयुष्यात मला एकच गोष्ट चांगली येत होती. मी बारा वर्षांची असल्यापासून लावणीला जात होते, आताचे सेक्टर आहेत तिथं, खारजमिनीत. तू दोन वर्षांचा होतास, तुला बांधावर टोपलीत ठेवून मी ओळीला लागायचे. आई दुसऱ्या बायकांना म्हणायची, "माझ्या पोरीची ओळ बगा, दोरी लावल्यासारखी." शाळेत मला कुणी काही म्हटलं नाही, सासरी तर नाहीच. मग जमीन शहराला गेली. मी वाशीच्या मार्केटात कांदे निवडले, नवरा गेला, तू येऊन माझी ट्रंक उचललीस आणि वरची खोली दिलीस. जेवायला ये म्हणून कधी बोलवावं लागू दिलं नाहीस, ताट वाढलेलंच असायचं. "माझ्या घरात" असं एवढ्या वर्षांत एकदा म्हणाला नाहीस. हे मी विसरलेले नाही.

पण दर पावसाळ्यात चार दिवस मामाच्या त्या शेतात लावणी असायची. मामाला मूल नव्हतं, शेत आपल्याकडे आलं, आणि त्या चार दिवसांत त्या गावच्या बायका म्हणायच्या, बायच्या पुढं कोण लावणार. वर्षभर मी त्या चार दिवसांवर राहायचे. तू आलास आणि म्हणालास, लावणी लागत नाही. मातीसाठी बरोबर म्हणालास. माझ्यासाठी तू काय म्हणालास ते तुला कळलं नाही आणि मी सांगितलं नाही. मी पडीक, पडीक करत राहिले.

आणि त्या दिवशी तू म्हणालास, "लाव आता."

सुमननं धर्माच्या घरून प्लास्टिकची खुर्ची आणली. तू छत्री धरून बांधावर बसलास आणि मी लावत गेले. धर्माची बायको आणि तिची जाऊ मदतीला उतरल्या, दोघी मागं पडल्या. माझी कंबर त्या दिवशी दुखली नाही. चिखल असा मऊ होता की बोट घातलं की रोप आपसूक उभं राहायचं. ती मऊ माती तू सात वर्षांत केली होतीस आणि मी त्यात लावत होते आणि मला आनंद होत होता. तुला समोर बसवून, तुझा तो चेहरा बघत, मला आनंद होत होता. याहून वाईट माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी तू म्हणालास, "ओळ सरळ हाय, बाय." टोमणा नव्हता. म्हणून लागला.

आठ दिवसांनी तो मोठा पाऊस आला. डोंगर वरून कापलाय, पूर्वीसारखं पाणी तिथं थांबत नाही, सगळं खाली येतं. मागच्या वर्षी आलं होतं तेव्हा आपल्या शेतानं ते पिऊन टाकलं होतं, धर्माचा बांध फुटला होता आणि आपला शाबूत. यंदा आपला आधी फुटला. तू हट्टानं मला आणि सुमनला घेऊन रिक्षानं गेलास. चर भरून पाणी वाहत होतं, त्या पेल्यातल्या रंगाचं. तू चरात काठी घालून खाली किती गाळ बसलाय ते बघितलंस. मी म्हटलं, "पिशव्या भरून बांध घालू." तू म्हणालास, "पानी अडंल. जी सुटली ती माती आता कुटं अडनार?"

मग माझ्याकडे बघून म्हणालास, "जाऊ दे. कुटल्या तरी खाडीला जाईल. आपलं खार शहरानं घेतलं, निदान खाडीला तरी परत गेली." आणि हसलास. सुमनही हसली, तुला बरं वाटावं म्हणून. मी तोंड फिरवलं. मला त्या वेळी बोलायचं होतं. तोंडात शब्द आलेले होते, दोनच होते, माझं चुकलं. मी म्हटलं, "भिजू नको, टाके ओले होतील."

घरी आल्यावर तू वहीत काहीतरी आखत बसायचास. मी पाण्याचा तांब्या ठेवायला आले की वही मिटायचा नाहीस, उलट दाखवायचास. एका कोपऱ्यातून परत गाद्या घालायच्या, थोड्या थोड्या, मुळं तिथंच ठेवायची. म्हणालास, "चार-पाच वर्सांत परत येईल, बाय. माती रुसते, मरत नाय." मी विचारलं, "पाच वर्सं तू हायस काय?" माझी सवय, तोंडातून गेलं. तू म्हणालास, "नसलो तर तू हायस ना."

भादव्यात एका सकाळी तू चहा घेतलास, कप खाली ठेवलास आणि भिंतीला टेकलास. सुमनला वाटलं डोळा लागला.

डॉक्टर म्हणाले हृदय आधीच कमजोर होतं, कधीही झालं असतं. माझा त्यावर विश्वास आहे. टिलरनं तुला मारलं असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं नाटक होईल आणि तुला नाटक आवडायचं नाही. पण तुझे शेवटचे दोन महिने मी तुला काय बघायला लावलं, ते डॉक्टरांना विचारायचं नाही. ते मला ठाऊक आहे.

आता परवाचं सांगते, मग थांबते. भात पिकलं. यंदा आपलं भात गावात सगळ्यांत चांगलं आहे. लोंब्या वाकलेल्या, दाणा भरलेला, धर्माच्या भाताहून वीतभर उंच. कापणीला मी आणि सुमन गेलो तर बांधावर पाच-सहा माणसं जमलेली. धर्मा सगळ्यांसमोर म्हणाला, "बगा रे, सात वर्सं हिराभाऊचं पिच होतं, बायनं एकदा चिखल केला आनि शेत बोललं! बाय, तुमी जिंकलात. आमी पयल्यापासून सांगत होतो, भाताला चिखल लागतोच."

सुमन माझ्याकडे बघू लागली. तिला वाटलं मला बरं वाटेल. तूही असतास तर काही बोलला नसतास, पेले उचलून धुवायला घेतले असतेस.

मी म्हटलं, "धर्मा, यो भात हिऱ्याचा हाय."

"म्हंजे? लावला तर तुमीच."

"त्यानं सात वर्सं जमिनीत साठवलं, मी एका पावसात काढून खाल्लं. जे उरलं ते चरातनं गेलं. पुढल्या साली बगायला ये, मग कोन जिंकला ते सांग."

धर्मा हसला. त्याला वाटलं, म्हातारी भावाच्या दुःखात बोलते. मी त्याला पेल्यांचं सांगितलं. माझ्या खोलीत दार लावून केलेलं सगळं सांगितलं, त्याच्या ढेकळाचं काय झालं तेही. तेव्हा हसायचा थांबला. सुमन खाली बसली. तिला हे नवीन होतं. विळा हातात तसाच धरून म्हणाली, "बाय, तुमाला ठावं होतं?"

"हां."

"आनि त्यांना सांगितलं नाय?"

"नाय."

ती उठली आणि कापायला लागली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मुळं तिनं जमिनीतच ठेवली. गाद्या घालायच्या की धर्माला शेत कसायला द्यायचं, हे ती ठरवेल, तिचं शेत आहे. मला विचारेल असं वाटत नाही आणि विचारलं तर मला बोलायचा हक्क नाही. माझ्या अंगात गाद्या घालण्याएवढा जोर उरलेला नाही, हेही खरं आहे. लावणीएवढा होता.

मी जे बांधावर धर्माला बोलले ते तुला बोलायला हवं होतं. तू शेजारी खुर्चीत होतास, रिक्षात होतास, तांब्या ठेवताना हातभर अंतरावर होतास. दोन महिने होते माझ्याकडे. मला वेळ मिळाला नाही असं मी म्हणू शकत नाही.

त्या मातीत काय होतं हे आपल्या घरात दोघांनाच ठाऊक होतं. ती बनवणारा तू चौसष्टाव्या वर्षी गेलास. ती नांगरणारी मी चौऱ्याहत्तरची आहे, जेवते, झोपते, आणि मला काही झालेलं नाही.